सात्यांच्या शिकारीला नारिंगी गेटर

श्रावण लागायच्या सुमारास ताईचा फोन आला. माझी ताई साठीची. लग्न होऊन साकोली तालुक्यात गेली ती तिथलीच झाली. एकोडीच्या पुढे तिचं गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, का ते वाचून झाल्यावर तुम्हालाच कळेल.

"नीमा, या साली येजो," ती म्हणाली. "सात्यांची जागा दाखवाची आहे तुले."

सात्या म्हणजे रानातल्या वारुळांवर उगवणारी पांढरी अळंबी. वर्षातून एकदाच येतात, तीन-चार दिवस राहतात आणि जातात. चव अशी की तिकडे त्यांच्यापुढे मटणाचं नाव कोणी काढत नाही. ज्याला जागा ठाऊक असते तो ती कोणाला सांगत नाही. ताईची जागा गावात प्रसिद्ध होती, म्हणजे ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही म्हणून प्रसिद्ध.

"मला कशाला? तुझ्या सुनेला दाखव ना."

"सूनबाई म्हणते, आई, मशरूम डब्यात भेटते."

"आणि गुडघ्याचं ऑपरेशन? दोनदा तारीख बदललीस तू."

"जागा दाखवून झाली का मंग पाय राहिला काय अन् गेला काय," ताई म्हणाली आणि पावसाचं बोलायला लागली.

ते वाक्य मला आवडलं नाही. मी त्याच दिवशी पोळ्याच्या आधीचं तिकीट काढलं.

आता माझी अडचण सांगते. दहा वर्षांची असताना ताईच्या सासरी बांधावर मला साप चावला होता. डॉक्टर म्हणाले, पाणसाप, विष नाही, मुलीला दूध-पोळी द्या. मी दूध-पोळी खाल्ली आणि त्यानंतर चाळीस वर्षं ताईच्या अंगणापलीकडे पाऊल टाकलं नाही. दिवाळ्या झाल्या, लग्नं झाली, भाच्याचं बारसं झालं. सगळं मी अंगणातून पाहिलं. आणि आता वारुळांवर जायचं होतं. वारुळात कोण राहतं हे मला कोणी सांगायची गरज नाही.

म्हणून गेटर. गेटर म्हणजे बुटाच्या वरपासून पोटरीभर चढवायचं जाड कापडाचं आवरण. चिखल, काटे, पाणी, जळवा आत येऊ नयेत म्हणून. मी पुण्यात घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते, त्यामुळे कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दलचं सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. चार संध्याकाळी मी गेटर वाचले. घोट्याचे, पोटरीचे, गुडघ्यापर्यंतचे. चेनचे, बटणांचे, चिकटपट्टीचे. एका पानावर मराठीसुद्धा होतं: "खडबडीत व ओल्या प्रदेशातील शिकारीसाठी. आपल्या पायांची कोरडी शिकार करा." शिकारीला आपल्याकडे बंदी आहे, पण आमची शिकार पळणारी नव्हती, म्हणून मी पुढे वाचलं.

रंग दोन होते, मातकट हिरवा आणि झगझगीत नारिंगी. नारिंगीखाली कोणा परदेशी गृहस्थाचा अभिप्राय होता: "या रंगामुळे माझ्या मेव्हण्याने मला हरीण समजून गोळी घातली नाही." पाच तारे. मला तो मुद्दा पटला. आमच्याकडे बंदूक घेऊन फिरणारा मेव्हणा नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दिवस पहिला

पुण्याहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर भंडारा रोड स्टेशनला उतरायचं. स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. नवखा माणूस इथेच गोंधळतो. मी सकाळी उतरले तेव्हा कारखान्याची पाळी सुटत होती, मोटारसायकली आणि सायकलींचा लोंढाच समोरून येत होता. बाहेर भंडाऱ्याला जाणारे, माणशी भाडं घेणारे सीटवाले ऑटो मिळतात. बसस्थानकावर तर्री-पोहे खा, मगच साकोलीची एसटी पकडा. रस्ता महामार्गाचा, छान आहे. दोन्ही बाजूंना रोवणी झालेली धानशेतं आणि मधूनमधून तलाव.

गेटर बॅगेत मावले नव्हते, बाहेर लटकत होते. शेजारच्या काकांनी लाखनीपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "मॅडम, हे ढोलकीची खोळ आहे का?"

"नाही, पायात घालायचे आहेत."

"पायात." काका विचारात पडले. "अन् ढोलकी?"

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाल्या, "पोळा आला ना, बैलाच्या शिंगाची असन." त्यावर बसमध्ये चर्चा झाली. साकोली येईपर्यंत बैलाच्या बाजूने बरीच मतं पडली होती. मी उतरताना एकाने "बैलाची जोडी कोनती?" असंही विचारलं.

साकोलीला भाऊजी मोटारसायकल घेऊन आले होते. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शांत माणूस, धान आणि रेडिओ या दोनच गोष्टींत रमणारा. ताईच्या अंगणात मी गेटर चढवून दाखवले. भाऊजी खाटेवरून उठून जवळ आले, वाकून पाहिलं.

"नीमाबाई, हे पायाचं झबलं कायले आनलं?"

"सापासाठी."

"साप घालते का हे?"

ताई हसली नाही. ती माझ्या पायांकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "लई दिसून राहिलं हे," ती एवढंच म्हणाली.

दिवस दुसरा

तिचं बरोबर होतं.

उजाडताच आम्ही टोपल्या घेऊन निघालो. अंगणाच्या फाटकाशी माझे पाय थांबले. ताईने मागे वळून पाहिलं आणि काठी आपटत उभी राहिली. मी गेटरचे पट्टे दोनदा आवळले आणि बाहेर पडले. चाळीस वर्षांनी. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली.

"ओ मॅडम! थांबा!"

एक शेतकरी धावत बांधावरून येत होता. धोतर वर खोचलेलं, हातात कागद. "माहा पंचनामा राहिला! रानडुकरानं सारी बांधी लोळवली!"

"मी सरकारी नाही हो," मी म्हणाले.

"सारे असंच म्हनते," तो शांतपणे म्हणाला आणि माझ्या गेटरकडे बोट दाखवलं. "हे काय मंग घरून आनलं?"

आता खरं उत्तर "हो" हेच होतं, पण ते कोणाला पटेल? तो हलेना, म्हणून मी त्याच्या लोळवलेल्या धानाचा फोनवर फोटो काढला. ही माझी चूक. फोटो काढताना मला तीन बांध्यांपलीकडून, म्हणजे धानाच्या तीन खाचरांपलीकडून, लोकांनी पाहिलं. नारिंगी रंग हिरव्या धानात किती लांबून दिसतो हे त्या पानावर खरंच लिहिलेलं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचेपर्यंत आमच्यामागे दहा-बाराजण होते. कोणाची विहीर खचली होती, कोणाचं नाव यादीत नव्हतं, एक आजोबा नुसतेच आले होते. आणि सर्वांत मागे, टोपली डोक्यावर घेऊन, सुमनबाई.

सुमनबाई ताईची शेजारीण. ताईची जागा कुठे आहे हे शोधायचा ती कित्येक पावसाळे प्रयत्न करते आहे. एकदा म्हणे ती हरवलेली बकरी शोधायचं निमित्त करून मागे आली होती. तिच्याकडे बकरी नाही.

"कुठं चालल्या वो दोघी बहिनी?" तिने गोड आवाजात विचारलं.

ताईने जागच्या जागी दिशा बदलली. "मारुतीले."

मग आम्ही सगळे मारुतीला गेलो. सगळे म्हणजे सगळे. विहीर खचलेल्या माणसाने नारळ फोडला. आम्ही रिकाम्या टोपल्यांत प्रसाद घेऊन परतलो.

गेटरची हकिगतही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी घेणार असेल. एक: चिकटपट्टी चिखलात चिकटत नाही. त्यात चिखल आणि कुसळं भरली की ती फक्त आवाज करते. दोन: बुटाच्या तळव्याखालून जाणारा रबरी पट्टा दगडांवर पहिल्याच नाल्यात तुटतो. तीन, आणि हे कोणी लिहीत नाही: गेटर उडणारं पाणी अडवतो, उभं पाणी नाही. बांधीत पाय गुडघाभर गेला की पाणी वरून आत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मी दोन भरलेल्या घागरी पायाला बांधून चालत होते.

घरी आलो. ताईने माझे गेटर दोरीवर वाळत घातले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. "सात्या आजच्या उद्याच्या आहे," ती म्हणाली. "परवा लई झालं तर. मंग एक साल."

"मी बिनगेटरची येते," मी म्हणाले. म्हणताना माझा आवाज असा निघाला की भाऊजींनी रेडिओ बंद केला.

"सानगडीले चाला," ते म्हणाले. "शिंप्याकडे."

दिवस तिसरा

सानगडी साकोलीच्या पलीकडे आहे. मोठं गाव, बाजार चांगला भरतो. शिंप्याकडे जाण्याआधी मी म्हटलं, तयार काही मिळतं का पाहू. चपलेच्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पायाले काय झालं?" काही नाही म्हटल्यावर त्याने औषधाच्या दुकानात पाठवलं. तिथल्या माणसाने शिरा फुगलेल्यांसाठीचे घट्ट मोजे काढले आणि आस्थेने चौकशी केली, घरात आणखी कोणाला आहे का. तिथून खेळाच्या सामानाच्या दुकानात. सापाची हकिगत ऐकून दुकानदाराने क्रिकेटचं पॅड दिलं. एकच.

"दुसरं?"

"दुसरं एकानं नेलं. डाव्या पायाचं होतं. तुमाले साप कोन्या पायाले चावला होता?"

"उजव्या."

"मंग हे उजव्याचंच आहे," तो समाधानाने म्हणाला.

मी ते बांधून दुकानासमोर चार पावलं चालले सुद्धा. भाऊजी दुसरीकडे पाहत होते.

शिंपी मात्र जाणता निघाला. चष्मा कपाळावर, बोटांत खडू. त्याने गेटर हातात घेऊन उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाला, "ही तर ब्लाउजची बाही आहे. फक्त कोपर नाही." मग त्याने माझ्या पोटरीचं माप घेतलं, घोट्याचं घेतलं आणि खरे प्रश्न विचारले, जे मला चार संध्याकाळी कुठे वाचायला मिळाले नव्हते. चिखलात बसाल की चालाल? काटे बोरीचे की बाभळीचे? पाणी आत जाणार, तर बाहेर कुठून काढायचं? त्याने मातकट रंगाची जुनी ताडपत्री काढली. समोरून नाडी, कारण चेन चिखलात अडकते. मागून नाही, कारण मागची गाठ बाईमाणसाला वाकून बांधता येत नाही. खाली घोट्याजवळ दोन भोकं, पाणी निघायला. तळव्याखाली पट्ट्याऐवजी सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. तुटली तर दुसरी, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे.

"अस्तर लावू?" त्याने विचारलं.

"नको."

"बाही म्हटलं म्हनून विचारलं."

तासाभरात जोडी तयार झाली. दोनशे रुपये, आणि भाऊजींच्या ओळखीचा चहा. पुण्यात मागवलेल्यांपेक्षा किती स्वस्त, हे मी सांगत नाही, कारण घरी हे वाचलं जातं. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते: ताडपत्री असो की कंपनीचा माल, साध्या गेटरने विषारी साप अडत नाही. काठी आपटत चाला, पाऊल दिसेल तिथेच टाका.

परत येताना भाऊजी मोटारसायकलवरून मागे न पाहता म्हणाले, "ते नारिंगी मले द्या. उद्या सकारी."

दिवस चौथा

पहाटे भाऊजींनी धोतरावर नारिंगी गेटर चढवले. डोक्याला टॉवेल गुंडाळला, हातात टोपली घेतली आणि पुढच्या दाराने, गावाच्या मुख्य गल्लीतून, मोठ्याने खोकत निघाले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. आधी पंचनामेवाला मागे लागला. मग ते आजोबा. मग सुमनबाईचं दार उघडलं, आणि ती टोपली पदराखाली लपवून निघाली. टोपली केवढी होती ते विचारू नका.

"आता," ताई म्हणाली. आम्ही गोठ्यामागून बाहेर पडलो.

झुडपी जंगल सुरू झालं. मी ताईच्या मागे. तिची काठी, तिची टाच, माझा पाय. काठी, टाच, पाय. ओलं गवत पोटरीला घासत होतं आणि ताडपत्री करकरत होती. एकदा समोर काहीतरी लांबट, पिवळसर सरकलं. धामण असावी. मी जिथल्या तिथे थिजले. ताईही थांबली, पण घाबरून नव्हे, कोणाला रस्ता द्यावा तशी.

"जाऊ दे त्याले. त्याचंही काम असन."

ते गेलं. आम्ही पुढे गेलो. नाल्याच्या उतारावर ताईचा गुडघा अडकला. खाली जाईना, वर येईना. मी तिला धरून तिथेच चिखलात बसवलं आणि शेजारी बसले. पाणी माझ्या गेटरच्या भोकांतून शहाण्यासारखं बाहेर आलं.

"सासूनं मले दाखवली जागा," ताई गुडघा चोळत म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या साली. माह्याशी धड बोलत नव्हती. हाताचं खात नव्हती. एक दिवस पहाटे उठवलं, टोपली देली, अन् निघाली पुढे. मी मागं. जागा आली, तवा म्हनाली, 'हे आता तुही.' घरी आली अन् मी केलेलं जेवली."

"मग मला का? मी तर काही..."

"तू अंगनातच बसून राहत होती," ताई म्हणाली. "मले वाटे, माह्यामुळं. मी त्या दिवशी तुले बांधावर नेलं होतं ना."

तिला असं वाटत होतं, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं आम्ही दोघी एकाच सापाला घेऊन बसलो होतो, ती तिकडे आणि मी इकडे. मी तिचा हात धरून तिला उठवलं.

जागा आली तेव्हा मला आधी कळलंच नाही. पळसाच्या झुडपांत दोन बुटकी वारुळं, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या छत्र्या, गवतातून वीतभर वर. काही अजून मिटलेल्या, बोटाएवढ्या. ताईने वारुळाला हात लावू दिला नाही. देठ हलकेच पिळून काढायचा, लहान राहू द्यायच्या. मी वारुळाशेजारी गुडघे टेकून बसले. मी! टोपली अर्धी भरली. (तुम्ही जाल तर सोबत ओळखणारं माणूस हवंच. दिसायला सारख्या विषारी अळंब्याही असतात.)

घरी पोचलो तर अंगणात जत्रा. भाऊजी खाटेवर, पायांत नारिंगी गेटर, आणि समोर टोपली. भरलेली. शेजारी सुमनबाई, तिची टोपली त्याहून भरलेली. पंचनामेवाल्याने सात्या टॉवेलात बांधून आणलेल्या, आजोबांनी टोपीत. भाऊजी लोकांना चुकवायला म्हणून उलट्या दिशेला, पाटाच्या बाजूला गेले होते, जिकडे आजवर कोणी सात्या शोधायला गेलं नव्हतं. तिथे चार वारुळं पांढरीफेक फुललेली.

"तरी मी म्हनत होती," सुमनबाई भाऊजींकडे बोट दाखवत ताईला म्हणाली, "खरी जागा दादालेच मालूम आहे. तुमी उगा आमाले फिरवत होत्या."

ताईने आमची अर्धी टोपली खाली ठेवली. भाऊजींकडे पाहिलं. "कुठं भेटल्या?"

भाऊजींनी रेडिओ लावला. "नाही सांगत," ते म्हणाले.

मी ताईला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. दुपारी तिने कांदा, हिरवी मिरची आणि लसणावर सात्या परतल्या, तांदळाच्या भाकरी केल्या, आणि सुमनबाईही आमच्याच पंगतीला होती.

परत घरी

पुण्यात येऊन आठवडा झाला. थोड्या सात्या वाळवून आणल्यात, स्वयंपाकघरभर त्यांचा वास आहे. जायचं असेल तर पोळ्याच्या आगेमागे जा. ओळखीचं घर शोधून जा. गेटर तिथेच शिवून घ्या. खर्च म्हणाल तर गाडीभाडं सोडून फार काही नाही. मनात काय राहिलं म्हणाल तर सगळ्यात जास्त तो नाल्याचा उतार राहिला आहे.

आणि एक गोष्ट, जी मी परवापर्यंत कोणाला सांगितली नव्हती. परवा ताईचा फोन आला.

"रस्ता ध्यानात आहे ना?" तिने विचारलं. "नाल्याच्या पुढं कोनीकडं वराचं?"

खोटं बोलायचा विचार मनात आला होता.

"ताई," मी म्हणाले, "मला काहीच आठवत नाही. डावीकडे की उजवीकडे, तेही नाही."

"मंग तू पाह्यत काय होती गं एवढा वेळ?"

"पाय," मी म्हणाले. "माझे आणि तुझे."

तिचा श्वास ऐकू आला, लांब, चिडलेला.

"म्हनजे पुढच्या साली मलेच पुन्हा न्या लागते तुले," ती म्हणाली, आणि फोन कानापासून दूर धरून आत ओरडली, "अवो! त्या गुडघ्याच्या डॉक्टरले फोन लावा!"